फ्लॉरिडातला चार तासांचा पालक-वर्ग: मेडिएशनच्या आधी करा, फॉर्म समोर ठेवून करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं सगळं त्याला धरून वाचता येईल. तुम्ही टॅम्पाजवळ राहता, एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहात. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केलाय आणि समन्स हातात पडून दोन आठवडे झाले. मुलगा सात वर्षांचा आहे. दोन्ही पालकांनी चार तासांचा वर्ग करून प्रमाणपत्र दाखल करावं, असं कोर्टाच्या कागदांत लिहिलंय. तुमचे वकील म्हणाले, ‘ऑनलाइन असतो, क्लिक करत जा आणि संपवून टाका.’ तुम्हाला विचारायचंय की हा वर्ग करावाच लागतो का, नवऱ्याबरोबर बसून करायचा का, त्यात लिहिलेलं उद्या तुमच्यावर उलटेल का, आणि त्याने मुलाचं खरोखर काही भलं होतं का. शिवाय सांगलीहून आई रोज फोनवर म्हणते आहे, ‘कोर्टकचेऱ्या कसल्या करत बसतेस, पोराला घे आणि इकडे निघून ये.’

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं सरळ आहेत. करावाच लागतो, बरोबर बसण्याची सक्ती नाही, आणि उलटत नाही. चौथ्याचं उत्तर मात्र तुम्ही तो कधी आणि कसा करता यावर अवलंबून आहे. मी या राज्यात बरीच वर्षं कौटुंबिक मेडिएटर म्हणून, म्हणजे नवरा-बायकोत तडजोड घडवून आणणारी त्रयस्थ म्हणून, काम करते. वर्ग नुसता उरकून आलेले आणि वर्गाचा उपयोग करून आलेले आईबाप समोर बसले की लगेच ओळखू येतात. म्हणून वकिलांच्या सल्ल्यात मी दोन बदल सुचवते. वर्ग मेडिएशनच्या तारखेआधी करा, आणि करताना पॅरेंटिंग प्लॅनचा (मूल कधी कोणाकडे राहील आणि त्याचे निर्णय कसे होतील हे लिहायचा) कोरा फॉर्म छापून शेजारी ठेवा.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. समन्स मिळाल्यापासून २० दिवसांच्या आत अर्जाला लेखी उत्तर दाखल व्हावं लागतं. वर्गाची मुदत वेगळी आहे, ती ४५ दिवसांची. लोक या दोन मुदतींची गल्लत करतात. उत्तर वेळेत गेलं नाही तर समोरच्याला डिफॉल्ट मागता येतो, म्हणजे तुमचं म्हणणं न ऐकताच केस पुढे सरकू शकते. तुमचे दोन आठवडे होऊन गेलेत, तेव्हा उत्तर दाखल केलंय का हे वकिलांना आजच विचारा.

आता वर्गाचा कायदा. फ्लॉरिडा स्टॅट्यूट्सच्या कलम ६१.२१ प्रमाणे अल्पवयीन मूल असलेल्या प्रत्येक घटस्फोटाच्या केसमध्ये दोन्ही पालकांना हा किमान चार तासांचा वर्ग करावा लागतो. अर्ज करणाऱ्याला अर्जाच्या तारखेपासून ४५ दिवस, दुसऱ्याला समन्स बजावल्यापासून ४५ दिवस. प्रमाणपत्र कोर्टात दाखल झाल्याशिवाय अंतिम निकाल होत नाही. वर्ग टाळला तर कोर्टाचा अवमान ठरू शकतो, आणि मुलाबाबतचे अधिकार किंवा वेळ नाकारण्याचीही मुभा जजला आहे. दोघांनी एकत्र बसावं असं कायदा म्हणत नाही. उलट घरात मारहाणीचा इतिहास असेल तर कोणी मागणी केली नसतानाही जज एकत्र बसायला मनाई करू शकतात. आणि तुमच्या भीतीबद्दल: वर्गात तुम्ही काय बोललात, काय लिहिलंत ते केसचा निर्णय करताना विचारात घेता येत नाही, तसंच वर्गाचा कुठलाही अहवाल रेकॉर्डवर येत नाही. दोघांनी लेखी संमती दिली तरच त्याला अपवाद. तेव्हा ‘तुमच्या मुलात गेल्या काही महिन्यांत कोणते बदल दिसले’ अशा प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरं लिहा.

कोणता वर्ग घ्यायचा? इथे पैसे वाया जातात. वर्गाचं अधिकृत नाव ‘पॅरेंट एज्युकेशन अँड फॅमिली स्टॅबिलायझेशन कोर्स’ आहे आणि तो राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ चिल्ड्रन अँड फॅमिलीज या खात्याने मान्य केलेल्या संस्थेचाच असावा लागतो. खात्याच्या वेबसाइटवर मान्य संस्थांची यादी आहे. गूगलवर सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका, यादीतून जा. रागावर नियंत्रणाचा वर्ग, आठ तासांचा ‘हाय कॉन्फ्लिक्ट’ वर्ग, टेक्सासचा किंवा जॉर्जियाचा वर्ग, यांतलं काहीही त्याच्या जागी चालत नाही. फी साधारण २० ते ६० डॉलरच्या आसपास असते. तुम्हाला स्वतःचं उत्पन्न नसेल तर सवलत मिळते का हे पैसे भरायच्या आधी विचारा. वर्ग इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये मिळतात, मराठीत किंवा हिंदीत माझ्या पाहण्यात नाहीत. तुमचं इंग्रजी कामापुरतं असेल तरी अडचण येणार नाही, भाषा सोपी असते आणि पान पुन्हा वाचता येतं.

ऑनलाइन वर्गात बहुतेक ठिकाणी प्रत्येक पानावर घड्याळ असतं, ठरावीक वेळ गेल्याशिवाय ‘पुढे’चं बटण उमटत नाही. मधेमधे छोट्या चाचण्या असतात, त्यात नापास झालात तरी पुन्हा देता येतात. मधेच बंद करून दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करता येतं. एका बैठकीत चार तास करू नका, दोन-तीन संध्याकाळींमध्ये विभागा. नाव नोंदवताना केस नंबर आणि कोर्टाच्या कागदांवर जसं आहे तसंच नाव टाका. आपल्याकडे हा घोळ हमखास होतो: पासपोर्टवर माहेरचं आडनाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर सासरचं, आणि अर्जात मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं याचा पत्ता नाही. प्रमाणपत्रावर नाव चुकलं तर क्लर्क ऑफिस परत पाठवतं. पीडीएफ मिळाली की वकिलांना द्या आणि ती ई-फायलिंग पोर्टलवर खरोखर चढली का ते दोन दिवसांनी बघा.

(इतर राज्यांत राहणाऱ्यांनी हे जसंच्या तसं धरू नये. इलिनॉयमध्येही चार तासांचा वर्ग आहे पण त्याची मुदत वेगळ्या पद्धतीने मोजतात. टेक्सासमध्ये वर्ग लावायचा की नाही हे जज ठरवतात आणि तो ४ ते १२ तासांचा असतो.)

एक महत्त्वाचा अपवाद आधी सांगते. तुमच्या प्रश्नात मारहाणीचा, धमक्यांचा, पासपोर्ट किंवा पैसे काढून घेतल्याचा उल्लेख नाही. पण तसं काही असेल, तर ‘दोघांनी मोकळेपणाने बोला, एकमेकांना सहकार्य करा’ हा वर्गातला सल्ला तुमच्यासाठी नाही. त्या स्थितीत संपर्क कमीत कमी, लेखी आणि फक्त मुलापुरता ठेवायचा असतो. अशा केसमध्ये मेडिएशनला न पाठवण्याची मागणीही कोर्टाकडे करता येते. राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ चोवीस तास चालते आणि तिथे दुभाषा मिळतो. मुलाची देवाणघेवाण करताना भीती वाटत असेल तर २०२४ च्या कायद्यानुसार प्रत्येक काउंटीच्या शेरिफला त्यासाठी किमान एक पार्किंग लॉट ठरवून द्यावा लागतो, तिथे कॅमेरा असतो. तुमच्या काउंटीतला कुठे आहे ते शेरिफच्या ऑफिसात विचारा.

वर्गात काय शिकवतात ते कायद्यातच ठरलेलं आहे: मुलांबाबतच्या निर्णयांची कायदेशीर बाजू, घटस्फोटाचा मोठ्यांवर आणि मुलांवर होणारा भावनिक परिणाम, कुटुंबातले संबंध, आर्थिक जबाबदाऱ्या, छळ आणि दुर्लक्ष. यातला पैशाचा भाग वरवरचा असतो, तो वकिलांकडूनच समजून घ्या. मुलांवरच्या परिणामांचा भाग मात्र मन लावून वाचा. सात वर्षांचं मूल आईबापांच्या भांडणाचं कारण स्वतःत शोधतं. ‘मी होमवर्क केला नाही म्हणून बाबा गेले’ असं ते बोलून दाखवेलच असं नाही, पण अचानक होमवर्क अगदी नीट करायला लागेल, आणि तुम्हाला वाटेल पोरगं किती समजूतदार झालं. एखादं मूल पोट दुखतं म्हणून शाळेच्या नर्सकडे जायला लागतं. एखादं बाबांकडून आलं की तासभर कोणाशी बोलत नाही, आणि आईला वाटतं तिथे काहीतरी झालं असणार. बहुतेक वेळा तिथे काही झालेलं नसतं. एका घरातून दुसऱ्या घरात यायला त्याला तेवढा वेळ लागतो. त्या तासात प्रश्न विचारू नयेत, खायला द्यावं आणि त्याला त्याच्या वेळेने बोलू द्यावं.

आता हे कोर्टाशी कुठे जुळतं ते बघा. कलम ६१.१३ मध्ये मुलाचं हित ठरवताना जजने तपासायच्या गोष्टींची लांबलचक यादी आहे. तिच्यात एक मुद्दा असा आहे: पालक मुलाला खटल्यापासून दूर ठेवतो का, म्हणजे केसबद्दल मुलाशी बोलत नाही ना, केसचे कागद किंवा मेसेज त्याला दाखवत नाही ना, दुसऱ्या पालकाबद्दल त्याच्याजवळ वाईट बोलत नाही ना. दुसरा मुद्दा: मुलाचं दुसऱ्या पालकाशी नातं टिकावं म्हणून हा पालक स्वतःहून हातभार लावतो का, ठरलेलं वेळापत्रक पाळतो का. चार तास वर्ग जे सांगतो तेच जज पुढे मोजणार आहेत. ‘क्लिक करत जा’ या सल्ल्याला माझा विरोध आहे तो यासाठी.

आपल्या घरांमध्ये हा मुद्दा कुठे निसटतो ते मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. मुलगा हॉलमध्ये लेगो घेऊन बसलेला असतो. स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर, पलीकडे सांगली. आजी जावयाचा उद्धार करत असते. इकडे आईला वाटतं, तो खेळात आहे, आणि त्याला मराठी कुठे एवढं कळतंय. त्याला सगळं कळतं. उत्तर इंग्रजीत देत असला तरी समजतं मराठीतच, आणि आजीचा चढलेला आवाज तर शब्दांशिवायही कळतो. माहेरची माणसं सहा महिन्यांसाठी येऊन राहिली असतील तर हे रोजचंच होतं. त्यांचा राग खरा असतो, त्यांची लेक परक्या देशात एकटी पडलेली असते. पण तो राग मुलाच्या कानावर पडता कामा नये, हे त्यांना तुम्हीच सांगायला हवं. वर्गाच्या साहित्यात आजी-आजोबा फार तर एखाद्या पानावर येतात, कारण ते इथली घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. तुम्ही मात्र आईला फोनवर स्पष्ट सांगा: तो घरात असताना फक्त त्याच्याशी बोलायचं, बाकीचं तो शाळेत असताना. इथे शाळेच्या दिवशी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा सांगलीत उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. मुलगा शाळेत असतो, आई जागी असते. ती वेळ तुमच्या दोघींची.

मुलाला निरोप्या करू नका, हे वर्गात ठळक अक्षरांत असतं, पण त्याऐवजी काय करायचं हे हाताला धरून कोणी शिकवत नाही. एक नमुना देते. ताप आलेल्या मुलाला बाबांकडे पाठवताना साधारण असा मेसेज जातो:

‘गेल्या वेळी पण तू औषध दिलं नव्हतंस, तुला तुझ्या फोनमधून वेळ कुठे असतो. आजही अंगात ताप आहे. आता तरी लक्ष दे.’

त्याऐवजी असा पाठवा:

‘दुपारी ४ ला १०१ ताप होता. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध ४.१५ ला दिलंय, पुढचा डोस रात्री १०.१५ नंतर. बाटली आणि मापाचा चमचा दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे. उद्या शाळेत कळवायचं आहे, तू कळवतोस की मी कळवू?’

पहिल्यात औषधाची वेळच नाही. दुसऱ्यात तुमचा राग नाही, आणि मुलाला रात्री दोनदा डोस मिळण्याचा धोकाही उरत नाही. तुम्हाला राग आलेला नसावा असं मी म्हणत नाही. तो मैत्रिणीजवळ, समुपदेशकाजवळ, बहिणीजवळ काढा. मेसेज मुलासाठी असतो आणि तो उद्या जजच्या हातात असू शकतो. मराठी मेसेज कोर्टात द्यायचे तर भाषांतर करून द्यावे लागतात आणि त्याचा खर्च तुमच्यावर पडतो, म्हणून शाळा, दवाखाना, वेळापत्रक याबद्दलचे मेसेज साध्या इंग्रजीत ठेवले तरी चालेल. व्हॉट्सॲपवर सतत खटके उडत असतील तर ‘आवर फॅमिली विझार्ड’ किंवा ‘टॉकिंग पेरेंट्स’ यांसारखी ॲप्स आहेत, त्यांत पाठवलेला मेसेज नंतर पुसता येत नाही. काही जज ती सरळ आदेशातच लिहितात.

आता त्या कोऱ्या फॉर्मकडे येऊ. फ्लॉरिडा सुप्रीम कोर्टाने मान्य केलेला पॅरेंटिंग प्लॅनचा फॉर्म १२.९९५(अ) कोर्टाच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. २००८ पासून या राज्यात ‘कस्टडी’ आणि ‘व्हिजिटेशन’ हे शब्द कायद्यातून गेले, त्यांच्या जागी पॅरेंटिंग प्लॅन आणि टाइम-शेअरिंग, म्हणजे मुलाच्या वेळेची वाटणी, आलं. जुलै २०२३ पासून आणखी एक बदल झालाय: मुलाने दोघांकडे समान वेळ राहणं हेच त्याच्या हिताचं, असं कोर्ट सुरुवातीलाच धरून चालतं. ते तसं नाही हे दाखवायचं असेल तर पुरावा तुम्ही द्यायचा. ‘लहान मूल आईकडेच’ हे गृहीत धरून मेडिएशनला आलेल्या मराठी आया इथे हबकतात, आणि ‘मला काय, शनिवार-रविवारच मिळणार’ असं धरून आलेले बापही. मनाची तयारी आधीच करा.

समान वेळ म्हटलं की लोक ‘एक आठवडा तू, एक आठवडा मी’ असं सुचवतात. सात वर्षांच्या मुलासाठी मला ते फारसं पटत नाही, सात दिवस आईला किंवा बापाला न भेटणं या वयात लांबतं. सोमवार-मंगळवार एकाकडे, बुधवार-गुरुवार दुसऱ्याकडे आणि शुक्रवार ते रविवार आलटून पालटून, अशी मांडणी बघा. त्यात कुठल्याही घरापासून सलग पाच दिवसांपेक्षा जास्त दूर राहावं लागत नाही, आणि ‘मंगळवार म्हणजे आईकडे’ हे मुलाला पाठ होतं. देवाणघेवाण शक्यतो शाळेत ठेवा. सकाळी एकाने सोडायचं, दुपारी दुसऱ्याने आणायचं. दारात उभं राहून दोघांनी एकमेकांकडे बघण्याचा तो अवघड मिनिट मुलाच्या वाट्याला येत नाही.

रात्री मोजताना एक सावधगिरी बाळगा. वर्षातल्या किमान २० टक्के, म्हणजे ७३ रात्री मूल प्रत्येकाकडे राहिलं की चाइल्ड सपोर्टचं, म्हणजे मुलाच्या खर्चासाठी द्यायच्या पैशांचं, गणित बदलतं. त्यामुळे रात्रींचं भांडण बऱ्याचदा पैशाचं भांडण असतं. वकिलांकडून दोन-तीन वेगवेगळ्या वेळापत्रकांचा आकडा आधीच काढून घ्या, म्हणजे टेबलावर मुलाबद्दल बोलताना मुलाबद्दलच बोलता येईल.

सुट्ट्यांचं पान उघडा. थँक्सगिव्हिंग, ईस्टर, चार जुलै, हॅलोवीन, ज्यूंचे सण, सगळं छापलेलं आहे. दिवाळी नाही, गणपती नाहीत. खाली रिकाम्या ओळी आहेत, त्या तुम्हीच भरायच्या. तारीख लिहू नका, सणाचं नाव लिहा, कारण तिथी दर वर्षी सरकते. ‘दिवाळी’ एवढंच लिहूनही भागत नाही: लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ की पाडवा, दुपारी किती वाजल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळा सुरू होईपर्यंत, सम वर्षी कोणाकडे आणि विषम वर्षी कोणाकडे. मंडळाच्या गणपतीला तर तुम्ही दोघंही त्याच हॉलमध्ये असणार. तो दिवस ज्याच्याकडे असेल त्याच्याबरोबर मुलगा येईल, आरतीनंतर दुसऱ्याला भेटेल, जेवायला मात्र ज्याच्याबरोबर आला त्याच्याच पानावर बसेल, असं काहीतरी आधी ठरवून ठेवा. नाहीतर शंभर ओळखीच्या लोकांसमोर ‘मी कोणाजवळ बसू’ हा प्रश्न मुलाला सोडवावा लागतो. रविवारची मराठी शाळा चालू असेल तर तीही प्लॅनमध्ये लिहा. समान वेळेत अर्धे रविवार नवऱ्याकडे असतील, आणि त्याने नेलं नाही तर शाळा वर्षभरात सुटते.

छोट्या वस्तूंना कमी लेखू नका. सुट्ट्या, शाळा, डॉक्टर सगळं सुरळीत ठरलेलं जोडपं तायक्वांदोच्या गणवेशावर तासभर अडलेलं मी पाहिलंय, कारण तो दर वेळी चुकीच्या घरी राहायचा आणि क्लासमध्ये मुलगा एकटाच टी-शर्टवर उभा राहायचा. दुसरा गणवेश घेतला आणि वाद मिटला. चष्मा, इनहेलर, शाळेचा लॅपटॉप चार्जर, पोहण्याचं सामान यांची यादी करा आणि शक्य त्याचे दोन नग घ्या.

भारतात जाण्याचा परिच्छेद सगळ्यात काळजीपूर्वक लिहा. फ्लॉरिडाच्या शाळांना जून-जुलैत सुट्टी असते आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला त्या सुरू होतात. म्हणजे मुलगा सांगलीला पोचेल तेव्हा तिकडच्या शाळा उघडलेल्या असतील आणि मामेभावंडं दप्तर घेऊन निघालेली असतील. तरीही जायला हवंच, आजी-आजोबांची ओळख फोनवर पुरी होत नाही. लिहायचं ते असं: सलग किती आठवडे, तिकिटं किती दिवस आधी दाखवायची, परतीचं तिकीट असलंच पाहिजे, तिथला पत्ता आणि फोन, आणि त्या काळात दुसऱ्या पालकाशी व्हिडिओ कॉल किती वाजता. पासपोर्ट कोणाकडे राहील तेही लिहा. १६ वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकन पासपोर्ट काढायला किंवा नवा करायला दोन्ही पालकांची संमती लागते, आणि तो पाचच वर्षं चालतो, तेव्हा हा विषय परत येणार आहे. आपल्या नकळत मुलाच्या पासपोर्टसाठी अर्ज होईल अशी शंका असेल तर परराष्ट्र खात्याच्या पासपोर्ट इश्युअन्स अलर्ट प्रोग्रॅममध्ये मुलाचं नाव नोंदवता येतं. आजी-आजोबांना भेटीचा स्वतंत्र हक्क या राज्यात फारच अपवादाने मिळतो. त्यांची भेट, त्यांचा फोन हे तुमच्या वेळेतून होणार, आणि नवऱ्याच्या आईवडिलांचं त्याच्या वेळेतून. दोन्हीकडच्या आज्या मुलाच्या आहेत, एवढं धरून चाललात तर हा परिच्छेद पटकन पुरा होतो.

आता तुमच्या आईचा सल्ला. पोराला घेऊन निघून जाऊ नका. तो फ्लॉरिडात सहा महिन्यांहून जास्त राहिलाय, तेव्हा त्याच्याबद्दलचा निर्णय इथल्या कोर्टाचा. बऱ्याच सर्किटांमध्ये, म्हणजे राज्यातल्या कोर्टांच्या विभागांमध्ये, केस दाखल होताच एक स्थायी आदेश लागू होतो आणि दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय मुलाला राज्याबाहेर हलवता येत नाही; तुमच्या समन्सबरोबरच्या कागदांत तो शोधा. दुसऱ्या देशात नेलेली मुलं परत पाठवण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे ‘तिकडे पोचलं की कोणी काही करू शकत नाही’ असं नातेवाईक सांगतात. तसं नाही. व्हर्जिनियातल्या कोर्टाचा आदेश असताना एक आई मुलीला भारतात घेऊन आली होती, ते प्रकरण ‘यशिता साहू विरुद्ध राजस्थान राज्य’ म्हणून आपल्या सुप्रीम कोर्टात गेलं. जानेवारी २०२० मध्ये कोर्टाने मुलीला अमेरिकेत परत नेण्याचा निर्णय दिला. त्याच निकालात मुलाचा दोन्ही पालकांवर हक्क आहे आणि दूर राहणाऱ्या पालकाशी रोज पाच-दहा मिनिटं तरी व्हिडिओ कॉलवर बोलणं व्हावं, असंही म्हटलं आहे. प्रत्येक केस वेगळी असते, पण असं पाऊल उचलणाऱ्या आईची इथल्या कोर्टातली बाजू कमकुवत होते हे नक्की. कायमचं सांगलीला परतायचंच असेल तर ते कोर्टासमोर मागायचं असतं. किमान ५० मैल दूर, सलग किमान ६० दिवस मुलाला न्यायचं तर या राज्यात त्यासाठी वेगळी प्रक्रिया आहे, आणि केस चालू असताना ही मागणी आत्ताच मांडलेली बरी.

तर या आठवड्यात फॉर्म छापा, वर्गाला नाव नोंदवा. वर्गातलं एखादं पान वाचून झालं की फॉर्ममधली त्याच्याशी जुळणारी जागा पेन्सिलने भरा. मुलांच्या वयाचं पान झालं की वेळापत्रक, संवादाचं पान झालं की मेसेज आणि फोनच्या वेळा, सणांसाठी वर्गात पान नसेल तरी तो कागद तुमचा तुम्ही भरा. जिथे तुमचा हात अडतो तिथे खूण करा, मेडिएशनमध्ये वेळ त्याच जागांसाठी लागेल. नवऱ्यानेही तसंच केलं तर उत्तम, पण तो करेल की नाही यावर थांबू नका.

एक गोष्ट वर्गात कोणी सांगणार नाही. तुमचा एच-४ व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर टिकून आहे, आणि घटस्फोटाचा अंतिम निकाल झाला की ते स्टेटस संपतं. प्रमाणपत्र दाखल झालं, प्लॅनवर सह्या झाल्या की निकाल फार लांब राहत नाही. तुम्ही या देशात राहू शकाल की नाही यावर टाइम-शेअरिंगचं सगळं वेळापत्रक उभं आहे, आणि घटस्फोटाचे वकील बहुतेक वेळा इमिग्रेशनचं काम करत नाहीत. मेडिएशनची तारीख घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाची एक वेगळी भेट ठरवा. जाताना तुमचा आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), नवऱ्याच्या व्हिसाच्या मंजुरीची प्रत आणि समन्सचे कागद बरोबर न्या.